काळ्या आणि रुपेरी फोनाचे मसलतीची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास दंडवत असो, आणि ज्यांस एक वस्तु धडपणें खरीद करितां आली नाहीं त्या राजमंडळीसही असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं रायभानराजे यांचा फोन हातांतून निसटोन स्नानाचे घंगाळांत पडला आणि गतप्राण जाहला. ते समयीं कन्या मैनाराजे प्रथमच गरोदर, वैद्यांनीं प्रवास मना केला म्हणोन सासरींच राहिली, आणि रोज आईचा आवाज ऐकावा ऐसी तिची आस. राणीसाहेब चिमाबाई यांणीं आपला फोन पूर्वींच लेकीस दिला होता, सबब बोलणें खुंटलें. राणीसाहेब म्हणाल्या कीं, बोलतां येईल ऐसा कोणताही आणवा. चाकराचे फोनावरून राजकन्येशीं बोलणें राजांस शोभेना, आणि कोणताही घेणें त्याहून शोभेना. मग राज्यांतील सर्वांत महाग ऐसे दोन फोन आणविले, एक काळा आणि एक रुपेरी, आणि दरबार भरविला.

दिवाण विसाजीपंत काळ्याचे पक्षाचे. त्यांणीं अंधारांत छबी काढोन दूरचे वेशीवरील पहारेकऱ्याच्या मिशा दाखविल्या, आणि दरबार थक्क जाहला. परंतु फोन ऐसा तापला कीं पंतांनीं तो उपरण्यांत धरिला. सेनापति हैबतराव रुपेरीचे कैवारी. जेवण उरकेतों त्याची बॅटरी भरली, आणि वाहवा जाहली. परंतु त्यानें राजांची छबी ऐसी गोरी काढिली कीं राजे आपल्यासच ओळखीनात. मग परमुलखींच्या जाणत्यांचे व्हिडिओ लाविले. ते प्रहर प्रहर बोलत आणि अखेर सांगत कीं ज्यास जो रुचेल त्यानें तो घ्यावा. मग कोणता टिकतो पाहावें म्हणोन दोन्ही बुरुजावरून टाकिले, दोन्ही फुटले, आणि तैसेच दुसरे दोन आणविले. निवाडा होईना.

राणीसाहेब स्वतां दरबारीं येऊन म्हणाल्या कीं, काळा क्षणभर द्या, लेकीशीं दोन शब्द बोलतें. राजे बोलिले, "बॅटरीची परीक्षा चालली आहे. मध्यें बोललां तर सारा हिशेब बिघडेल."

राणीसाहेब तशाच फिरल्या, आणि गाडी काढवोन थेट कन्येकडे गेल्या. पोहोंचल्या तों मैनाराजेस कळा सुरू जाहल्या होत्या. पुत्र जाहला. जांवयांनीं छबी पंतांस धाडिली, पंतांनीं राजांस दाखविली, आणि राजे आधीं पुसते जाहले कीं, ही कोणत्या फोनानें काढिली?

मग राजे दोन्ही फोन घेऊन, पंत व सेनापतींसह निघाले. पाळण्याशीं दोन्हींनीं छबी घेतली. एकींत बाळ सांवळें, दुसरींत गोरें. पंत आणि हैबतराव तेथेंच भांडों लागले, आणि बाळ जागें होऊन रडों लागलें.

राणीसाहेब म्हणाल्या, "पोर समोर आहे. एकदां डोळ्यांनीं तरी पाहा."

राजे वरमले, फोन बिछान्यावर ठेविले आणि नातवास उचलिलें. तेव्हां मैनाराजे क्षीण स्वरें म्हणाली, "आबासाहेब, मी फोनाकडे पाहात होतें. तुम्हीं एकदां तरी करायचा होता."

राजे बाळास छातीशीं धरोन उभेच राहिले.

सारांश, कोणता फोन थोर याचा निवाडा त्या राज्यांत अद्याप जाहला नाहीं. राणीसाहेबांनीं बिछान्यावरील हातास लागला तो उचलिला, आणि लेकीस म्हणाल्या कीं, हा आतां मजपाशीं राहील, यावर बोलत जा. काळा कीं रुपेरी, हें त्यांणीं पाहिलें नाहीं. इति.