दुप्पट धोक्याचा मसाला

वाल्मीकरावांनी त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये नेहमीप्रमाणे डुलकी काढली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली आणि त्यांनी फोन उघडला. बघतात तर मेसेज: रोज काळा मसाला खाणाऱ्यांना पोटाच्या एका भयंकर आजाराचा धोका दुप्पट, संशोधनात सिद्ध. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, पुढे पाठवा, जीव वाचवा.

वाल्मीकराव हादरले. एकलहऱ्याच्या स्टॉपवर उतरले तेव्हा त्यांना खरोखरच पोटात कसंतरी होत होतं. दुप्पट म्हणजे नक्की कशाच्या दुप्पट, हा प्रश्न त्यांना शिवलाही नाही. (हिशेबाच्या खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला तो शिवायला हरकत नव्हती.) त्यांच्या मनात एवढंच पक्कं बसलं, की घरातलं आधी एक माणूस जाणार होतं, तिथे आता दोन जाणार.

रात्री जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली. बायको मनीषा हसली. आई कुसाबाईंनी रस्सा आणखी एक वाटी मागून घेतला.

आता या घरात काळा मसाला म्हणजे काय, ते सांगायला हवं. दर उन्हाळ्यात मिरच्या, खोबरं, कांदा, धणे भाजून कांडून वर्षाचा मसाला व्हायचा आणि दर वर्षी कुसाबाई सुनेच्या मसाल्यात खोट काढायच्या. कधी कांदा जास्त भाजला, कधी दगडफूल कमी पडलं. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. यंदा मात्र त्यांनी चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “औंदा जमला. माझ्यावानी झाला.” मनीषाने हे फोन करकरून माहेरी सांगितलं होतं. माळ्यावरच्या त्या बरणीकडे ती लेकीच्या डिग्रीकडे बघावं तसं बघायची.

ती बरणी वाल्मीकरावांनी दोघी बाजाराला गेल्या असताना खाली काढली. फेकून देववेना, शेवटी अन्न. गरिबाला द्यावा तर पाप लागायचं. मग त्यांना ऑफिसातले महेश साहेब आठवले. साहेबांनी त्यांची रजा नुकतीच नामंजूर केली होती आणि डब्यातल्या रश्श्याचं कौतुक मात्र रोज करत होते. वाल्मीकरावांनी सगळा मसाला पिशवीत भरून साहेबांना नेऊन दिला आणि रिकामी बरणी झाकण लावून जागेवर ठेवली. (याला सूड म्हणायचं की परोपकार, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.)

स्वयंपाकघरातल्या छोट्या डब्यात काही दिवसांपुरता मसाला होता. तो संपायच्या आत घरच्यांना पटेल असा पुरावा गोळा करायला हवा होता. लेक वेदिका पुण्याला मेडिकलला शिकते. ती एकदा म्हणाली होती, की संशोधनात खाणाऱ्यांची न खाणाऱ्यांशी तुलना करतात. वाल्मीकराव लगेच बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले. मसाला खाता का, आजारी आहात का, एवढे दोनच प्रश्न. काहींनी चहा दिला, एका काकूंनी दारच उघडलं नाही.

अडचण अशी झाली, की अख्ख्या बिल्डिंगमध्ये मसाला न खाणारा माणूसच सापडेना. अखेर तिसऱ्या मजल्यावर पुंजाअण्णा सापडले. ते फक्त अळणी मुगाची खिचडी खात. आणि ते हृदयविकाराने अर्धे झाले होते.

वाल्मीकरावांनी पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिला. खाणारे बहुतेक ठणठणीत. न खाणारे शंभर टक्के आजारी. म्हणजे हिशेब उलटाच निघाला. त्यांनी वेदिकाला फोन लावून सगळं सांगितलं.

“पप्पा, अण्णांनी मसाला आजारी पडल्यावर सोडला,” ती म्हणाली. “सोडला म्हणून आजारी नाही पडले. आणि एका माणसावरून काहीच ठरत नसतं. तो योगायोगही असू शकतो.”

“आणि ते दुप्पट?”

“समजा दहा हजारांत एकाला होत असेल, तर दोघांना होईल. तेही संशोधन खरं असलं तर. उरलेले सगळे रस्सा ओरपत बसलेत. तुम्ही काही फेकलं-बिकलं नाही ना?”

वाल्मीकरावांनी आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला. साहेबांकडून मसाला परत कसा मागायचा, याच्या विचारात त्यांचे दोन दिवस गेले. रविवारी साहेब स्वतःच पेढे घेऊन दारात उभे राहिले.

“वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही,” साहेब बसता बसता म्हणाले. “वाल्मीकने अख्ख्या वर्षाचा मसाला दिला हो. मिसेसने दोघी बहिणींना वाटला, तरी उरलाय.”

मनीषा उठली. स्टूल ओढून त्यावर चढली, माळ्यावरच्या बरणीत हात घातला आणि तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून वाल्मीकरावांना पहिल्यांदा खरा धक्का बसला. आपण घरातून मसाला नाही, तिची शाबासकी उचलून दिली, हे त्यांना तेव्हा कळलं.

“साहेबांना आवडतो म्हणून...” ते कसेबसे म्हणाले.

“आवडतो म्हून?” कुसाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “परवा तं म्हनत व्हता, ह्यो मसाला खाल्ला का मानूस मरतंय.”

साहेबांच्या हातातला पेढा तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी वाल्मीकरावांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. दोघी मेव्हण्याही त्यांना आठवल्या असाव्यात. चहा न घेताच ते उठले. वाल्मीकरावांची पुढची रजा तिथेच, पायपुसण्यावर, नामंजूर झाली.

त्या दुपारी मनीषाने डब्यातल्या उरलेल्या मसाल्याचा रस्सा केला. दोन ताटं वाढली, एक स्वतःला आणि एक सासूबाईंना. वाल्मीकरावांसमोर तिने अळणी मुगाची खिचडी ठेवली.

“तुमच्या अभ्यासाला न खाणारी माणसं कमी पडत होती ना,” ती शांतपणे म्हणाली. “आता एक वाढला. नवा मसाला होईपर्यंत.”

नवा मसाला पुढच्या उन्हाळ्यात होणार होता. वाल्मीकरावांनी आशेने आईकडे पाहिलं. कुसाबाईंनी भाकरी कुस्करली आणि सुनेला म्हणाल्या, “रस्सा लय झाक झालाय. पुढल्या साली आसाच कर.”

समोर रश्श्याचा वास सोसवेना, म्हणून वाल्मीकराव आपलं ताट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. ताटातली खिचडी पाहून पुंजाअण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी प्रेमाने सरकून जागा दिली.

“अरेरे. तुम्हाला कधी आला अटॅक?”

“अटॅक नाही आला, अण्णा,” वाल्मीकराव घास गिळत म्हणाले. “मेसेज आला.”