सात नकार हवेत

कुठल्याही धंद्याला माल लागतो, जागा लागते आणि संघर्ष लागतो. यातला माल आणि जागा नसली तरी भागतं, हे आता सिद्ध झालेलं आहे. (कोणी केलं ते विचारू नये.)

गादीवाल्याकडे नेमका संघर्षच नव्हता. वडिलांनी चालतं दुकान हातात दिलं, यानं ते चालतं ठेवलं. मग त्याच्या साडूनं समोरच्याच गाळ्यात गाद्यांचं दुकान थाटलं आणि वेबसाइटवर 'आमचा खडतर प्रवास' असं पान चढवलं. दोन महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली.

"त्यांच्याकडे मॅनेजर म्हणून तुम्हाला जमेल का, असं ताई विचारत होती," बायको म्हणाली. "प्रेमानं विचारत होती."

त्याच दुपारी आपलंही असं पान लिहून घ्यायला फ्रीलान्स लेखक नेमायचं ठरलं. निवड कडक होती. तीन अर्ज आले. पहिल्यानं फोन उचलला नाही, दुसरी फारच हुशार निघाली, तिसऱ्याला दाढी होती.

दाढीवाला आला आणि तासभर गादीवर झोपला. (याला संशोधन म्हणतात.) उठून म्हणाला, "हालअपेष्टा सांगा."

"नाहीत."

"लहानपणी?"

"गोवर आला होता."

"गोवरावर गादी खपत नाही, दादा."

शेवटी त्यानंच लिहून दिलं. वडील फरशीवर झोपायचे. मुलगा डोक्यावर गादी घेऊन दारोदार हिंडला. सात दारं तोंडावर आपटली गेली.

मजकूर झकास होता. अडचण एवढीच की गादीवाला खोटं बोलत नसे. (घराण्यातच आहे, इलाज नाही.) आणि लेखकाच्या अटींत लिहिलेलं होतं, की एकदा दिलेला मजकूर बदलून मिळणार नाही. तेव्हा आयुष्यच बदलून घ्यायचं ठरलं.

मंगळवारी दोन ते चार या वेळात वडिलांना फरशीवर झोपवण्यात आलं. "मी काय केलंय?" एवढंच ते म्हणाले. मग घोरले. उठल्यावर म्हणाले, "पाठ मोकळी झाली रे. आपण गाद्या विकतो कशाला?" हा भाग पानावर घेतला नाही.

बुधवारी गादीवाला डोक्यावर गादी घेऊन निघाला. पहिल्याच दारात एका आजींनी गादी दाबून पाहिली आणि ठेवून घेतली. तो दुकानात जाऊन दुसरी घेऊन आला. तीही गेली.

"अहो, नाही म्हणा ना," तिसऱ्या दारात तो काकुळतीला आला.

"का? खराब आहे?"

"छे हो, उत्तम आहे."

"मग द्या की."

संध्याकाळपर्यंत गाद्या अकरा, नकार शून्य. गडी पार खचून घरी आला. अखेर सातही नकार बायकोनं दिले, एकाच दारातून. सातवा तर अगदी मनापासून.

पान चढलं. चार हजार जणांनी वाचलं, सहाशे जणांचे डोळे भरून आले, एकोणीस जणांनी 'प्रेरणादायी' असं लिहिलं. साडूनं फोन करून माफी मागितली. गादी एकही गेली नाही.

"परत दारोदार जाऊ का?" गादीवाल्यानं विचारलं.

"वेडे आहात का? संघर्ष संपलाय तुमचा," लेखक म्हणाला. "लोकांना काय वाटेल?"

म्हणून तो दुकानात बसून एकेकाला 'धन्यवाद' लिहीत राहिला. वर्षअखेर शटर कायमचं खाली आलं. त्या बातमीखाली लोकांनी आणखी दोनशे बदाम टाकले.

तुम्हालाही आत्ता जरा वाईट वाटलं असेल. चांगली माणसं आहात. पण गादी कितीला, हे तुम्हीसुद्धा विचारलं नाहीत.