सेफ साइडला

गॅरेजमध्ये काँक्रीटची जमीन करायची, एवढंच ठरलं होतं. तिच्यावर गाडी उचलणारी लिफ्ट बसवली की जुन्या गाडीखाली मला उभ्याने काम करता येणार होतं. मागच्या खेपेला मी आडवा होऊन गाडीखाली शिरलो, पाठ धरली आणि तिथेच राहिलो. बायकोने आणि मेहुण्याने पाय धरून बाहेर ओढलं. "पुन्हा आडवे झालात तर गाडी विकून टाकीन," असं तिने शेजाऱ्यांदेखत जाहीर केलं.

लिफ्टच्या माहितीपत्रकात सहा इंच जाडी पुरेशी असल्याचं छापलं होतं. मला ते लगेच पटलं, त्यामुळेच शंका आली. मी कंत्राटदाराला विचारलं.

"सहा चालेल हो काका. पण सेफ साइडला बारा घालू."

नकाशा काढणारे इंजिनिअर ते ऐकून दचकले. "अहो, खाली तुम्ही उभे राहणार ना? सेफ साइडला दुप्पट करा."

"आणि दाजींनी उद्या ट्रक घेतला तर?" मेहुणा म्हणाला.

"मी कशाला ट्रक घेऊ?"

"नका घेऊ. पण सेफ साइडला धरून चला."

कधीच ट्रक घेणार नाही, असं ठामपणे सांगण्याचा मला धीर झाला नाही.

परवानगी कार्यालयातले साहेब नकाशा बघून गंभीर झाले. "या जमिनीचं स्वतःचंच वजन फार आहे. ते पेलायला खाली आणखी एक जमीन लागेल."

"आणि तिचं वजन, साहेब?"

"बघा, तुमच्या लक्षात येतंय."

"पण नियमात जाडी किती आहे?"

"कमीत कमी किती, ते आहे. जास्तीत जास्तीवर बंधन नाही."

"मग थोडं खोदून खाली—"

"खोदाईची परवानगी वेगळी. वर चढायला कुणाची हरकत नाही."

जमीन वर चढत गेली. गाडी रस्त्यावर राहिली, लिफ्ट खोक्यात. जमीन आणि छप्पर यांच्यामध्ये माणूस आडवा मावेल एवढी फट उरली, तीही तपासणीसाठी. मालकाने स्वतः आत जाऊन खात्री करायची असते म्हणे. मी शिरलो. पाठ धरली.

साहेबांनी बाहेरूनच 'काम समाधानकारक' असा शेरा मारला. बायको गाडीला गिऱ्हाईक बघायला गेली.

मी अजून आतच आहे. जमीन मजबूत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही इथपर्यंत हसत आलाच आहात, तर जरा माझे पाय धरून ओढता का?

की सेफ साइडला आधी कुणाला तरी विचारून येताय?