सहा ककारांचे काका

घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला "कुठे?" असं विचारू नये, हे आमच्या भिसेगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भोईरकाकांना नाही. म्हणजे माहीत आहे, पण मान्य नाही. "कुठं हा बातमीचा तिसरा ककार हाय," ते म्हणतात. "तो इचारायचा नाय, तर मंग बातमी व्हायची कशी?"

माझी नोकरीची पहिली मुलाखत याच तिसऱ्या ककारात बुडाली. पनवेलला जायला फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि शेजारच्या ओट्यावरून हाक आली, "कुठं गं?" झालं! आईने मला दंडाला धरून आत नेलं, बसवलं, पाणी पाजलं, देवाला पुन्हा नमस्कार करायला लावला. तेवढ्यात बस गेली. हात हलवत परत आले, तर काका वही उघडून तयार. "का गं नाय गेलीस? कशामुळं?" त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

नुसते शेजारी असते तर एकवेळ सोसलं असतं. पण हे गृहस्थ माझे वर्गमित्रही आहेत. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि ज्या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात त्यांनी विद्यापीठात पत्रकारितेच्या एम.ए.ला नाव घातलं. का, असं मी एकदा विचारलं होतं. "तीस वर्सं लोकांनी मला इचारलं," ते म्हणाले, "आता माझी पाळी."

पहिल्याच आठवड्यात सरांनी सहा ककार शिकवले: काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसे. आम्ही ते वहीत उतरवले आणि विसरलो. काकांनी ते मनावर घेतले. सर नुसतं "उद्या तास होणार नाही" म्हणाले, की मागच्या बाकावरून "का? कोणी ठरवलं?" सुरू. शेवटी शेवटी सर सुट्टीची सूचना फळ्यावर लिहून मागे न बघता निघून जायला लागले.

लिहिण्याची तऱ्हा तर विचारूच नका. एका लग्नाची बातमी करायला दिली, तेव्हा त्यांनी आणून दिली ती अशी: "लग्न लागले. वर हजर. वधूस पंधरा मिनिटे उशीर. जेवण चालू." मी म्हटलं, काका, अहो जरा फुलवा. तर माझ्यावरच डाफरले, "बातमी काय कोबी हाय फुलवायला? वेळ बरोबर हाय ना?"

गल्लीतले थोरवे मुलाला घेऊन मुलगी बघायला निघाले होते. जीपमध्ये आठ माणसं बसलेली, नारळ वाढवून झालेला. काका आडवे आले. "कुठं?" आठही जण उतरून घरात गेले, पाणी प्यायले, परत बसले. "कोणासाठी?" हा प्रश्न मुलाला. "का?" हा त्याच्या आईला. ते स्थळ काही जमलं नाही. थोरवेकाकू अजून काकांचं नाव निघालं की बोटं मोडतात, आणि काकांनी त्यावरही बातमी लिहून सरांना दिली होती. मथळा: "बोलणी फिसकटली; कारण अस्पष्ट".

तर अशा माणसाशी शेवटच्या सत्रात माझी जोडी लागली. मी भगत, ते भोईर, हजेरीचे नंबर लागून. दोघांनी मिळून एक मुलाखत रेकॉर्ड करायची, पाच मिनिटांची, आणि ती सगळ्या वर्गाला ऐकवायची. ती जमा केली नाही तर नापास. काकांना पास-नापासाचं सोयरसुतक नव्हतं. मला होतं. माझी नोकरी त्या निकालावर अडली होती.

जमा करायच्या आदल्या दिवशी मी काकांना स्कूटीवर मागे बसवून लोधिवलीला नेलं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर एका मामींची वडापावची टपरी आहे. नवा रस्ता झाला, गाड्या तिकडून गेल्या, पण मामी राहिल्या. मला विषय पसंत होता. मामी संध्याकाळीच लेकीकडे निघणार होत्या, म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच. मी फोन रेकॉर्डिंगला लावला आणि देवाचं नाव घेतलं.

"मामी, तुमी कोण?" काकांनी सुरुवात केली.

"दिसतंय ना? वडं तळतेय."

"कधीपासनं?"

"लगीन झाल्यापासनं."

"का?"

"का म्हंजे? पोट हाय म्हणून!"

"गाड्या गेल्या तवा कसं वाटलं?"

"गेल्या तर गेल्या. मी काय धावू त्यांच्यामागं?"

एका मिनिटात काकांचे ककार संपले. मी कपाळावर हात मारला. काका वही चाळत बसले. मामींनी आमच्यापुढे वडे आणि चहाचे कप ठेवले, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं तुमचं? आता मी इचारू? तुमी कोण वो?"

काकांनी वही मिटली. फोनवर सेकंद पळत होते.

"मी... चौकशी," ते म्हणाले.

"आं?"

"एसटीत होतो. खिडकीत. लोक म्हणायचे, ओ चौकशी, पुण्याची गाडी कधी? मी वेळ सांगायचो. ते जायचे."

"मंग?"

"मंग दुसरे यायचे." काका वड्याकडे बघत बोलत होते. "तीस वर्सं लई बोललो, मामी. पण तुमचं कसं काय, जेवलात का, असं कोणी खिडकीतनं इचारलं नाय. घाईत असायची मानसं. त्यांची चूक नाय."

"घरी कोण हाय?"

"आता कोण नाय." मग वड्याचा तुकडा मोडून, "म्हणून तर कालेजात नाव घातलं. वाटलं, आपण इचारत गेलो, तर कोणतरी उलटून आपल्याला इचारंल."

मामींनी मग बरंच विचारलं, आणि काकांनी सगळ्याची उत्तरं दिली. मी फोन बंद केला तेव्हा सात मिनिटं झाली होती. दोन वर्षं मी या माणसावर नुसती वैतागले होते.

"ते मागलं काढून टाक गं," काका म्हणाले. "पत्रकारानं बातमीत शिरायचं नसतं."

"ते काढलं तर एकच मिनिट उरतं, काका."

"तुझं वर्स जाईल?"

"जाईल."

"मंग राहू दे."

"सगळा वर्ग ऐकेल."

"ऐकू दे. तू पास हो."

मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी घाईघाईने प्रकल्पाचा फॉर्म काढला. विषय लिहिला. माझं नाव लिहिलं. पुढची ओळ होती, ‘जोडीदाराचे संपूर्ण नाव’. तिथे पेन थांबलं. माझा जन्म त्यांच्या शेजारच्या घरातला. दोन वर्षं एका वर्गात बसतो आहोत.

"काका," मी म्हटलं, "तुमचं नाव काय हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. शर्टाची कॉलर नीट केली.

"मार्तंड," ते म्हणाले. "मार्तंड धर्मा भोईर. रफार दे आन् वर अनुस्वार बी दे. पेन्शनच्या कागदावर एकच दिलाय लेकाच्यांनी."

मी दोन्ही दिले आणि फॉर्म त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून तो वाचला, आणि परत पहिल्यापासून वाचायला घेतला.