राजाज्ञेची शेपटी

एका जंगलात, जिथे झाडांना पानं कमी आणि हुकूम जास्त फुटत, तिथे दर्पसिंह नावाचा सिंह राज्य करत होता. राज्य करत होता म्हणजे डरकाळ्या फोडत होता. बाकीचं काम इतर जण करत. बाळांनो, राज्य असंच असतं. मोठे झालात की कळेल.

राजगुहेत एक जाडजूड पोथी होती. घरटं कसं विणायचं, बीळ कसं खणायचं, बांध कसा घालायचा, सगळं तिच्यात लिहिलेलं. पण पोथी गुहेबाहेर न्यायची नाही, असा सक्त नियम. म्हणून गरज पडली की कासवआजोबा हवा तेवढाच मजकूर सागाच्या पानावर उतरवून घेत आणि पानाला गवताची लांब शेपटी बांधत. शेपटीला दोनशे गाठी. ते पान कामकऱ्यांच्या माळावर जाई, शेपटीनं फांदीला टांगलं जाई, आणि ते वाचून सगळे कामाला लागत.

माळावर नांगोजी नावाचा खेकडा नोकरीला होता. त्याचं काम एकच. पान वाचून झालं की शेपटीच्या दोन-चार गाठी तोडायच्या. गाठी संपल्या की पान खाली पडे. खाली वाळवी बसलेलीच असे. संपला हुकूम! पुन्हा गरज लागली तर आजोबा नवी नक्कल काढत.

बरं, सगळ्या शेपट्या तो एकाच वेगानं तोडत नसे. पानाच्या तळाशी आजोबांची बारीक खूण असे. 'पाणवठा स्वच्छ ठेवा' हे पान तो महिनोन्महिने पुरवी. 'पूर आला, बांध घाला' हे पान चार दिवसांत उडवी. कुणी त्याचं कौतुक करत नसे. ज्याच्यामुळे काही बिघडत नाही, त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला असतो?

त्या वर्षी नदीला पूर आला. आजोबांनी बांधाचं पान काढलं. सुळेबुवा नावाच्या रानडुकरानं आपली टोळी घेऊन वरच्या अंगाला बांध घातला. पूर अडला, जंगल वाचलं. नांगोजी शेपटी तोडायला लागला.

नेमका तेव्हाच तिथून कलापराव चालले होते. कलापराव म्हणजे मोर, राजाचे सल्लागार. त्यांनी किंकाळीच फोडली.

"शेपटी कापतो! राजाज्ञेची शेपटी!"

नांगोजीला राजापुढे उभं केलं.

"महाराज, पूर ओसरला," नांगोजी म्हणाला. "काम झालं, म्हणून पान उतरवत होतो."

"काम झालं म्हणून माझा शब्द संपतो?" सिंहानं विचारलं.

"महाराज, शेपटी ही आपली अस्मिता आहे," कलापराव पिसारा सावरत म्हणाले. "आज हा पानाची कापतोय. उद्या कुणाची कापेल?"

सिंहानं हळूच मागे वळून पाहिलं. निर्णय झाला.

नवं पान निघालं : 'नांगोजीने कोणत्याही शेपटीस नांगी लावू नये.' या पानाला कलापरावांनी मुद्दाम चारशे गाठी बांधायला लावल्या. नांगोजी सरळमार्गी प्राणी. ओढ्याकाठच्या दगडाखाली जाऊन बसला.

आता हुकूम अमर झाले. माळावर पानंच पानं. बांधाचं पान टांगलेलंच, म्हणून सुळेबुवा बांध घालतच राहिले. पावसाळा गेला, थंडी गेली. बांध टेकडीएवढा झाला. खालचा ओढा आटला. 'वाघ आला, बोंब मारा' हे पानही टांगलेलंच होतं. वाघ केव्हाच दुसऱ्या जंगलात गेला होता. वानरं तरी घसा बसेपर्यंत बोंबलत होती.

ठिपकी नावाची चितळीण आपलं तान्हं पाडस घेऊन सुळेबुवांकडे आली.

"बुवा, पाडसाची जीभ कोरडी पडलीय हो. थोडं पाणी सोडा."

"ताई, मलाही दिसतंय," सुळेबुवा धापा टाकत म्हणाले. "पण पान बघा. शेपटी शाबूत आहे. मी थांबलो तर राजद्रोह."

आणि ऐन उन्हाळ्यात वणवा पेटला.

वानरांनी बोंब मारली. ती कुणी ऐकली नाही. चार महिने बोंबच तर चालली होती. आजोबांनी घाईघाईनं पान काढलं : 'बांध फोडा.' पण बांध घालायचं पान शेजारीच डुलत होतं. दोन्हींवर राजाची मोहोर, दोन्हींना शेपट्या. मग निम्मी डुकरं बांध फोडू लागली आणि निम्मी त्याच भगदाडात माती भरू लागली. दोन्ही तुकड्या इमानदार होत्या.

धूर पाडसाच्या नाकात जाऊ लागला. ठिपकी धावत दगडापाशी गेली.

"नांगोजीभाऊ, बाहेर या! ती शेपटी तोडा!"

"बाई, मनाईचं पान आहे," आतून आवाज आला. "ते उतरल्याशिवाय मी नांगी लावणार नाही."

"मग आधी तेच उतरवा!"

"ते उतरवायलाही मीच लागतो. आणि मला मनाई आहे."

ठिपकीनं एकदा पाडसाकडे पाहिलं. मग ती माळावर गेली, मनाईचं पान तोंडात धरलं आणि शेपटीसकट, चारशे गाठींसकट, चावून खाऊन टाकलं. हरीण दुसरं काय करणार?

"घ्या," ती घास गिळत म्हणाली. "आता नाही पान."

नांगोजी तिरका तिरका पळत आला. त्यानं बांध घालण्याच्या पानाची शेपटी कचाकच तोडली. पान पडलं. वाळवीनं मिटवलं. माती भरणारी डुकरं तिथल्या तिथे मटकन खाली बसली. बाकीच्यांनी बांध फोडला आणि पाणी धो धो खाली आलं.

अर्धं जंगल वाचलं. ठिपकीचं पाडस वाचलं.

उरलेल्या अर्ध्या जंगलात दुसऱ्या दिवशी दरबार भरला. आपत्ती समर्थपणे हाताळल्याबद्दल कलापरावांचा सत्कार झाला. राजाज्ञा भक्षण केल्याबद्दल ठिपकीवर चौकशी बसली. नांगोजीला पुन्हा कामावर घेतलं, पण शेपटी तोडण्याआधी दर गाठीला कलापरावांची लेखी परवानगी घ्यायची, या अटीवर.

तात्पर्य : बाळांनो, काम झालं की हुकूम संपवतो तो विध्वंसक, आणि काम झालं तरी हुकूम चालू ठेवतो तो कुशल प्रशासक. तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत मात्र अजून जुनाच कारभार आहे. तिथे डीएनएच्या पोथीतून आरएनएची नक्कल निघते, तिला लांब शेपटी असते, आणि काही विकरं, म्हणजे एन्झाइम, ती शेपटी मुकाट्यानं कुरतडत बसतात, म्हणून तुम्ही ठीकठाक आहात. कधी कधी वाढीचे हुकूम वेळेवर मरत नाहीत आणि पेशी वाढतच सुटतात. त्यातून जो आजार होऊ शकतो, त्याला माणसांनी मोराचं नाव दिलेलं नाही. त्याला म्हणतात कर्करोग, आणि कर्क म्हणजे खेकडा.