गुलाबरावांच्या गाड्यांचा दसरा

आमच्या जळगाव जामोदात गुलाबरावांइतक्या मोटारी कोणाकडेच नव्हत्या. तहसीलदारांकडे एक जीप होती. डॉक्टरांकडे एक मोटार होती, पण ती बहुतेक वेळा पेशंटांनाच ढकलावी लागे. गुलाबरावांकडे मात्र काचेचं कपाट भरून मोटारी होत्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी माझ्या तळहातावर आरामात मावत असे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. गुलाबरावांचं बाजारात बैलांच्या साजाचं दुकान होतं. कासरे, वेसणी, घुंगरू, गोंडे. दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहत. त्या खोलीत खाट एक, स्टोव्ह एक, आणि हे कपाट. कपाटात विलायती सिनेमा-टीव्हीतल्या अचाट वीरांच्या गाड्या. ओतीव धातूच्या, रबरी चाकांच्या, प्रत्येकीचं खोकं वेगळं. टीव्ही नावाची चीज मुंबईत आली आहे एवढंच आम्ही ऐकून होतो. गावात यायचे ते तंबूतले सिनेमे, आणि त्यातले देव रथातून फिरत. म्हणजे ज्या वीरांच्या गाड्या गुलाबराव जिवापाड जपत, त्यातला एकही त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. शेजारी राहायचो. त्यामुळे खोक्यावरचं वाचून दाखवण्याचा मान माझा. एका खोक्यावर ‘लिमिटेड एडिशन’ छापलेलं होतं. आवृत्ती पुस्तकाची निघते हे मला ठाऊक होतं, मोटारीचीही निघते हे तिथे कळलं.

“म्हणजे मोजक्याच बनवल्या,” मी सांगितलं.

“पाहा मास्तर! दुनियेत मोजक्याच, अन् त्यातली एक आपल्या गावात!” गुलाबराव अशा थाटात म्हणाले, जणू उद्यापासून गावाचा नकाशाच मोठा छापणार.

वीरांची चरित्रं त्यांनी खोक्यावरच्या चित्रांवरून स्वतःच तयार केली होती. एकाने तोंडावर मुखवटा बांधला होता. “धूळ हो!” गुलाबराव म्हणाले. “उघडी मोटार हाय त्याची. नांदुऱ्याच्या रस्त्यानं एकडाव जाऊन पाहा, तुमीबी बांधसान.” दुसऱ्याने चड्डी विजारीवरून घातली होती. त्यावर मी हसलो, तर ते रागावले. “कोनाच्या मदतीले धावून जाऊन राह्यला तो. घाईत पयले काय घालाव अन् मंग काय, ध्यानात राह्यते का?”

तिसरा उडत होता. “याले उडता येते, तं गाडी काऊन पायजे?” मी त्यांच्याच बोलीत चिमटा काढला.

“तुमाले पाय हायेत ना? मंग सायकल काऊन घेतली?”

इंग्रजीच्या मास्तरने पुढचं खोकं वाचायला घेतलं.

एवढं वाहनवेड, पण स्वतः गुलाबराव वाहनात बसत नसत. बसवतच नसे. एसटी गावाबाहेर पडायच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर असे. एकदा धाकट्या भावाला मुंबईला भेटायला म्हणून निघाले आणि पहिल्याच थांब्यावर उतरून उन्हातान्हात पायी परत आले. हा भाऊ म्हणजे सुधाकर. आईबाप लवकर गेले, तेव्हा गुलाबरावांनीच त्याला वाढवला, शिकवला. त्या भानगडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. सुधाकर पुढे बोटीवर लागला. पहिल्या सुट्टीत त्याने गंमत म्हणून एक गाडी आणली. गुलाबरावांनी ती बघून एवढा कल्ला केला, की दर दसऱ्याला तो गाडी घेऊन येऊ लागला.

दसऱ्याचा सोहळा तर बघण्यासारखा. लोक आपापल्या सायकली, नांगर, तराजू पुजत. गुलाबराव सगळ्या गाड्या पाटावर मांडत. साजवाल्याच्या घरची वाहनं ती! त्यांना सुतळीएवढे गोंडे, मोहरीएवढे घुंगरू. त्या मुखवटेवाल्याच्या काळ्याभोर गाडीला तर कवड्यांची माळ. वर हळद-कुंकू, टपावर झेंडूची पाकळी, चाकाखाली लिंबू. लिंबू चाकापेक्षा मोठं असल्यामुळे गाडी त्यावर चढून बसे. जगातले मोजके शौकीन म्हणे या गाड्यांना रुमालाशिवाय हात लावत नाहीत. आमच्याकडे त्यांना कुंकवाचं बोट लागत होतं.

त्या वर्षी मी सोनं द्यायला गेलो, तर सुधाकर नुकताच आला होता. हातात भलीमोठी पिशवी. त्याने त्यातून खोक्यांमागून खोकी काढली. अख्खा संच होता. कपाटात नसलेला एकूण एक वीर त्यात हजर होता. मला वाटलं, आता गुलाबराव नाचणार.

“दादा, मले तिकडे विलायतेतच बंदरावर नोकरी भेटली,” सुधाकर खाली बघत म्हणाला. “बायको-पोरांले घेऊन चाललो. आता दरसाल येनं काही जमनार नाही. म्हनून म्हटलं, सगळ्या एकदमच देऊन टाकू.”

गुलाबरावांनी सगळ्यात लहान खोकं उचलून पाटावर ठेवलं, आणि बाकीची एकेक करून भावाकडे सरकवली.

“एका दसऱ्याले एकच नवी गाडी पुजतात,” ते म्हणाले.

असा नियम कुठल्याही शास्त्रात नाही. त्यांच्याही शास्त्रात नव्हता, आदल्याच वर्षी दोन आल्या होत्या आणि दोन्ही थाटात पुजल्या होत्या. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. एवढी वर्षं मी या माणसाच्या खेळण्यांना हसत होतो. त्यांना गाड्या नको होत्या. त्यांना गाडी आणणारा हवा होता, आणि तो आता सगळी देणी एका पिशवीत भरून मोकळा व्हायला आला होता.

“अरे पन दादा, तुमच्यासाठीच तं आनल्या. कपाट भरून जाईन तुमचं.”

“भरून काय करू?” गुलाबराव म्हणाले. “ह्या तुयापाशीच राहू दे. पुढच्या दसऱ्याले एक आनजो. त्याच्या पुढच्याले एक.”

“अन् येनं नाही झालं तं?”

“तं त्याच्या पुढच्याले आनजो. म्या कुठी चाललो?”

सुधाकर खाली बसला आणि खोकी पुन्हा पिशवीत भरू लागला. गुलाबरावांनी वाकून त्याच्या हातातलं एक खोकं नीट सरळ केलं.

“पारसल नोको करू,” ते म्हणाले. “हातानं आनजो.”