सवलतीतला बाप

किसन खिल्लारे माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलला नाही. तो तोंडाकडे बघायचा. तुम्ही त्याला बाजारभाव सांगा, पोटदुखी सांगा, नाहीतर कुणाच्या मरणाची हकिगत सांगा. त्याची नजर तुमच्या नाकाखाली येऊन थांबायची आणि तिथून हलायची नाही. मग मधेच तो म्हणायचा, "हसा की जरा." आपण कसनुसं हसलो की तो मान तिरकी करून आत डोकवायचा आणि एक लांब सुस्कारा सोडायचा. हसणाऱ्या माणसाला इतकं हताश करणारा सुस्कारा मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही.

एकदा आम्ही दोघं कळमनुरीत एका घरी दुखवट्याला गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांचा मोठा मुलगा ओक्साबोक्शी रडत होता. खिल्लारे माझ्या कानाशी लागला.

"सर, वरची उजवी दाढ पार गेली हो त्याची. तकलीफ होत असंल."

"अरे, तो बापासाठी रडतोय."

"ते व्हयच की. पण दाढेसाठी बी असंल थोडं."

खिल्लारे नागपूरला दातांच्या कॉलेजात शिकत होता. किती वर्षांपासून, हे विचारणं आम्ही सोडून दिलं होतं. सुट्टी लागली की तो कळमनुरीला यायचा आणि ज्या बोर्डिंगात राहून शाळा शिकला, त्याच्याच मागच्या खोलीत मुक्काम ठोकायचा. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला बदलीवर आलेलो. माझं भाड्याचं घर त्या खोलीला लागून. त्यामुळे माझे दात त्याला रोज सकाळी दिसायचे. माझ्या दातांबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नव्हतं. हिरड्या सुजलेल्या, दात हललेले. 'कर्तव्य' म्हणताना मला भीती वाटायची.

त्याचं स्वतःचं तोंड मात्र बघण्यासारखं होतं. कॉलेजात विद्यार्थ्यांवर उपचार फुकट. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी ठरावीक कामं करून दाखवावी लागत, आणि ऐन वेळी रोगी मिळत नसे. मग तो खिल्लारेला खुर्चीत बसवी. कुणी त्याची दाढ कोरली, कुणी चांदी भरली, कुणी भरलेली चांदी काढून पुन्हा भरली. चांगला दातही त्याने एका मित्राला पोखरू दिला होता. खिल्लारेच्या तोंडात अर्धा वर्ग पास झाला. एकटा खिल्लारे तेवढा मागे राहिला.

त्याला कारण त्याची दुसरी सवलत. विद्यार्थ्याच्या नातेवाइकांना त्या कॉलेजात अर्ध्या खर्चात उपचार मिळत. हा नियम ज्या कुणी केला, त्याने खिल्लारेला पाहिलेलं नसावं. कळमनुरीपासून जवळा बाजारापर्यंत ज्याच्या तोंडात कीड, तो खिल्लारेचा नातेवाईक. सुट्टी संपवून निघताना त्याच्याबरोबर दोन-तीन सुजलेले गाल असायचेच. नागपुरात त्यांना इस्पितळ दाखवणं, खुर्चीपर्यंत नेणं, धीर देणं, ताक-भात शोधून आणणं यात त्याचे दिवस जायचे, आणि अभ्यास राहून जायचा. त्याचे रोगी तर परीक्षेच्या दिवशी हमखास दगा द्यायचे. एकाची मापं झाली, आणि कापूस वेचायला आला म्हणून तो पळाला. दुसऱ्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी ऊस खाल्ला.

शेवटी मीही त्याच्या तावडीत सापडलो. आमच्या मंडळींनी एका संध्याकाळी स्पष्टच सांगितलं, "आठवडी बाजारातल्या दातवाल्याकडे जाऊ नका. तो फडक्यावर दातांचा ढीग मांडून बसतो. त्यात तुमचे कुठले, ते मला ओळखू येणार नाहीत." दिवाळीच्या सुट्टीत मी खिल्लारेबरोबर हिंगोलीच्या स्टेशनवर उभा राहिलो. आमच्यासोबत शिंपीकाम करणारे करीमचाचा आणि तांड्यावरची सीताबाई राठोड. सगळ्यांनी एकेक हात गालावर धरलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, मोठं दुःख झालेलं कुटुंब आहे.

गाडी वाशिम सोडून अकोल्याकडे निघाली तशी खिल्लारेने नाती वाटायला घेतली.

"चाचा, तुमी मामा. सीताबाई, तू मावशी."

"मावशी व्हईन," सीताबाई म्हणाली, "पण ह्या शिंप्याची बहीण व्हनार न्हाई. माझं झंपर ह्यानं आखूड केलंय."

"कपडा कमी दिया था तुमने," करीमचाचा दुखऱ्या गालातून म्हणाले.

"भांडू नका. भावा-बहिणीवानी वागा," खिल्लारे म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे वळला. "सर, तुमी वडील. सगळे दात काढायचे म्हंजी काम मोठं. सवलत बी जवळच्या नात्याची पायजे."

"तुझ्या खऱ्या वडिलांची काही हरकत?"

"न्हाई. त्याहिची काई हरकत नसती."

मग त्याने पुढचा बेत सांगितला. माझी पूर्ण कवळी तो उन्हाळ्याच्या परीक्षेत करून दाखवणार होता. परीक्षेचा नियम मात्र उलटा. तिथे बसवायचा रोगी विद्यार्थ्याचा नातेवाईक चालत नसे. नातेवाईक टोचत असलं तरी 'छान बसलं' म्हणतो, असा परीक्षकांचा अनुभव.

"म्हंजी बगा, सवलतीच्या खिडकीवर तुमी वडील. परीक्षेच्या हॉलमधी तुमी माजे कोणी न्हाई. इचारलं तर बराबर सांगायचं, कोणी न्हाई म्हणून."

माझं पितृत्व असं खिडकीपासून हॉलच्या दारापर्यंतच होतं. मला ते पुरेसं वाटलं.

कॉलेजच्या खिडकीत एक थकलेले कारकून होते. त्यांनी आमच्या रांगेकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

"आला का बे खिल्लारे? आज कोन?"

"हे मामा."

"नाव?"

"करीमखान."

कारकुनांनी डोळे मिटले. "अन् हे?"

"मावशी. सीताबाई राठोड."

"मामा खान, मावशी राठोड. बरं. हे धोतरवाले?"

"वडील."

"नाव सांगा, वडील."

"कुलकर्णी," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तिथे खरं बोलतो.

"बाप कुलकर्णी अन् पोरगा खिल्लारे? काऊन बे, हे कसं जमलं?"

"गाव ल्हान हाय, साहेब," खिल्लारे नम्रपणे म्हणाला. "मिळूनमिसळून ऱ्हातो आमी."

कारकुनांनी तिन्ही चिठ्ठ्यांवर शिक्का मारला. "जा. पन आता आजोबा आनशीन तर पाय मोडीन तुहे."

माझे उरलेसुरले दात त्या सुट्टीत गेले. पूर्ण हिवाळा मी बोळक्या तोंडाने शिकवलं. वर्गाला काही समजत नव्हतं, पण आधीही फारसं समजत नसावं, कारण निकालात फरक पडला नाही. घरी मऊ भात आणि आमच्या मंडळींची सहानुभूती. दोन्हींत मीठ कमीच असायचं. मधूनच एखाद्या रविवारी खिल्लारे येऊन माझ्या हिरड्यांवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "जमीन चांगली हाय, सर." माझ्या नावावरची ती एकमेव जमीन.

उन्हाळ्यात पुन्हा नागपूर. मापं झाली, मेणाची कवळी झाली. होस्टेलात त्याने मला स्वतःची खाट दिली आणि स्वतः फरशीवर झोपला. मेणात दात लावून त्याने माझ्या हातात आरसा दिला तेव्हा मला पुढच्या दोन दातांत एक बारीक फट दिसली.

"किसन, ही फट कशाला? माझ्या मूळच्या दातांत फट नव्हती."

"बराबर दिसती सर. ऱ्हाऊ द्या."

"अरे, पण परीक्षक काय म्हणतील?"

"ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा लागला, म्हणून मी राहू दिली. तसंही या वयात मला कुणाला हसून दाखवायचं होतं?

परीक्षेच्या दिवशी तो पहाटेच उठून बसला होता. हा त्याचा शेवटचा विषय. तो सुटला की डॉक्टर. नाही सुटला, तर त्याची फी भरणाऱ्या बोर्डिंगच्या मंडळींनी पुढच्या वर्षाला हात वर केलेले. मला त्याने पाच वेळा विचारलं, "इचारलं तर काय म्हणायचं?" मी पाच वेळा म्हटलं, "कोणी नाही."

बाहेरगावाहून आलेले परीक्षक नागपूरच्या उन्हाळ्यात कोट-टाय घालून आले होते. त्यांच्या मागे कॉलेजातली प्राध्यापक मंडळी एका रांगेत, आणि सगळ्यांत मागे एक जण परीक्षकसाहेबांचा चष्म्याचा डबा दोन्ही हातांत धरून. देवळातल्या पालखीलाही इतका आब नसतो. साहेब खुर्च्यांमागून खुर्च्या नापसंत करत आमच्यापाशी आले. त्यांनी कवळीला बोट लावून ओढलं. कवळी हलली नाही. पुन्हा ओढलं. माझी मान पुढे आली, कवळी जागेवरच.

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले. मागच्या रांगेनेही माना डोलावल्या.

"पण पुढच्या दोन दातांत ही गॅप कशी?" साहेबांनी विचारलं. "ही चूक झाली, की मुद्दाम ठेवली?"

"मुद्दाम, सर."

"का?"

खिल्लारेला तिथे सांगायला हजार कारणं होती. नैसर्गिक दिसावं म्हणून ठेवली, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. तो पटकन म्हणाला, "आमच्या घरात हाय सर तशी."

"आमच्या घरात?" साहेबांनी माझ्या तोंडातलं बोट काढलं. "हे पेशंट तुमचे कोण?"

एवढ्याच प्रश्नासाठी आम्ही दिवाळीपासून तयारी केली होती. खिल्लारेने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "वडील."

मागच्या रांगेत कुजबुज झाली. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही याचे वडील आहात?"

'नाही' हा शब्द नव्या दातांनाही अवघड नाही. तो म्हटला असता तर पोरगं अजून वाचत होतं; घाबरून चुकीचं बोलला, म्हणून साहेबांनी सोडूनही दिलं असतं. मी खिल्लारेकडे पाहिलं. आणि तेव्हा पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता.

"हो," मी म्हटलं.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि ते पुढच्या खुर्चीकडे गेले. मागोमाग प्राध्यापक गेले, चष्म्याचा डबा गेला.

बाहेर व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो. मी म्हटलं, "किसन, अरे काहून?" त्याची भाषा माझ्या तोंडात कधी शिरली, कळलं नाही.

"तोंडातून आलंच न्हाई, सर. दिवाळीपासून वडील म्हणून ऱ्हायलो. आज 'कोणी न्हाई' म्हणाया गेलो, तर... बाप म्या पाह्यलाच न्हाई. माय व्हती, म्या ल्हान असताना. दाढ सुजली, गाल सुजला, ताप चढला. गावात कोणाला काई समजलं न्हाई. तिचा चेहरा बी याद न्हाई मला. लई आठवून पाह्यलं. निस्ती ती फट याद हाय. हसली की दिसायची."

समोरून एक सुजलेला गाल दुसऱ्या कुणाचा हात धरून खिडकीकडे चालला होता. खिल्लारेने सवयीने तिकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"आता पुढं काय?" मी विचारलं.

"काय माहीत. बोर्डिंगवाले न्हाई म्हणतील. नाव कटलं की सवलत बी गेली. मंग कोण मामा न् कोण मावशी." मग तो माझ्याकडे वळला. त्याची नजर पुन्हा माझ्या तोंडावर आली होती.

"सर," तो म्हणाला, "हसा की जरा."

हसण्यासारखं त्या व्हरांड्यात काहीही नव्हतं. मी हसलो. त्याने मान तिरकी करून बघितलं, आणि बघतच राहिला. या वेळी त्याने सुस्कारा सोडला नाही.